देवळालीची वजाबाकी : एका शाळाशिक्षकाचा खेळ सहावीच्या पुस्तकात येईपर्यंत

एन.सी.ई.आर.टी.ने २०२४ साली इयत्ता सहावीसाठी ‘गणित प्रकाश’ हे नवे पाठ्यपुस्तक आणले. त्याच्या तिसऱ्या प्रकरणात, संख्यांच्या खेळांमध्ये, एक छोटा भाग दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांच्या नावाचा आहे. कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. मात्र तिचे चारही अंक सारखे नसावेत. त्या अंकांपासून मोठ्यात मोठी आणि लहानात लहान संख्या तयार करावी, मोठीतून लहान वजा करावी आणि आलेल्या उत्तरावर पुन्हा तीच कृती करावी. थोड्याच पायऱ्यांत ६१७४ ही संख्या येते आणि मग तीच येत राहते. देवळालीच्या एका शाळाशिक्षकाने ही गोष्ट १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडली होती. तिला राष्ट्रीय पाठ्यपुस्तकाच्या या पानावर पोहोचायला पंचाहत्तर वर्षे लागली. तो प्रवास येथे सांगावासा वाटला, त्याला निमित्त झाले ते एका रिकाम्या जागेचे.

मी दिल्लीत मयूर विहार फेज एकमध्ये राहते. शनिवारी संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये शेजारपाजारची पाच-सहा मुले जमतात आणि आम्ही गणिताच्या गप्पा मारतो. ती शिकवणी नव्हे. फी नाही, हजेरी नाही, गृहपाठ नाही. या भागात मल्याळी कुटुंबे पुष्कळ आहेत, बंगाली आणि पहाडी आहेत, मराठी अगदी मोजकी. त्यामुळे गप्पा हिंदीत होतात आणि माझ्या हिंदीतील मराठी वळणांवर मुले मनसोक्त हसतात. एका शनिवारी सहावीतील एका मुलीने शाळेची कार्यपत्रिका दाखवली. रिकाम्या जागा भरा : कापरेकर स्थिरांक ____ हा आहे. तिने ६१७४ लिहिले होते आणि शेजारी लाल शाईत एक गुण होता.

‘करून पाहिलेस का?’ मी विचारले.

करून पाहिले नव्हते. वर्गात वेळ नव्हता, उत्तर फळ्यावर लिहून दिले होते, आणि परीक्षेत एवढेच येणार असे सांगितले होते. एका माणसाने आयुष्यभर ज्या खेळाचा ध्यास घेतला, तो खेळ एका गुणाची माहिती होऊन त्या मुलीच्या वहीत बसला होता. दोष एखाद्या शिक्षिकेचा नाही. पन्नास मुलांचा वर्ग आणि पस्तीस-चाळीस मिनिटांचा तास असला की कुणाच्याही हातून हेच होईल. पण मग गणित ‘समृद्ध’ करणारी साधने पुस्तकात आणायची ती कशासाठी, हा प्रश्न उरतोच. आणि त्याचे उत्तर शोधायला कापरेकरांइतका चांगला वाटाड्या मला दुसरा दिसत नाही.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. ते आठ वर्षांचे असताना आई गेली. वडील कारकून होते आणि त्यांना फलज्योतिषाचा नाद होता. फलज्योतिषाविषयी मला काडीचाही आदर नाही, पण पंचांगातील आकडेमोड करणाऱ्या वडिलांच्या मांडीला मांडी लावून बसणाऱ्या मुलाला संख्यांशी खेळण्याची सवय लागली असेल, तर त्या श्रेयाचा वाटा नाकारता येत नाही. शाळा ठाण्यात झाली, महाविद्यालय पुण्यातील फर्ग्युसन. १९२७ साली त्यांना स्वतंत्र गणिती लेखनासाठी रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले. हे परांजपे म्हणजे १८९९ साली केंब्रिजमध्ये सीनियर रँग्लर झालेले पहिले भारतीय. त्यांचे नाव त्या काळी मराठी घरांत हुशारीचे दुसरे नाव म्हणून घेतले जाई. १९२९ मध्ये कापरेकर मुंबई विद्यापीठाचे बी.एस्सी. झाले. पुढची पदवी त्यांनी कधीच घेतली नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत, म्हणजे बत्तीस वर्षे, ते नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिकवत राहिले.

देवळाली हे लष्करी छावणीचे गाव. तेथे ना विद्यापीठ, ना गणिताचे ग्रंथालय. चर्चेला सहकारी नाहीत, मार्गदर्शक नाही. अशा जागी राहून गणित करायचे, तर जे करायचे ते कागद, पेन्सिल आणि दहा अंक एवढ्यावरच करावे लागणार. कापरेकरांनी अंकांचेच गणित निवडले याचे आश्चर्य वाटू नये. त्यांच्यापाशी तेच होते. आणि, पुढे येणाऱ्या मुद्द्यासाठी हे लक्षात ठेवावे, त्यांच्यासमोर बसलेल्या मुलांपाशीही तेच होते.

त्या काळच्या मराठी शाळेतील गणित कसे होते, हे घरोघरच्या आजोबा-पणजोबांच्या आठवणींतून आपल्याला ठाऊक आहे. पंतोजींच्या शाळेपासून चालत आलेली पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी. सायंकाळी सूर लावून म्हटलेले पाढे. या पाठांतराची कुचेष्टा करणे सोपे आहे. दुकानात उभ्या असलेल्या माणसाला साडेतीन शेरांचा हिशेब क्षणात करता येई तो त्याच बळावर. परंतु त्या गणितात एक गोष्ट नव्हती : मुलाने स्वतः विचारलेला प्रश्न. उत्तर आधीच ठरलेले असे. ते किती लवकर सांगता येते एवढाच प्रश्न होता.

याउलट धागाही आपल्याकडे जुनाच आहे. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या ‘लीलावती’त हंस, मधमाश्या, साप आणि मोर यांच्या कथांतून समीकरणे विचारली आहेत. चाळीसगावजवळ पाटणादेवी परिसरातील १२०७ सालच्या शिलालेखात, भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे. गणिताच्या एका पुस्तकाभोवती उभारलेली संस्था, तीही खानदेशात, आठशे वर्षांपूर्वी! हे दोन्ही धागे, घोकण्याचा आणि कोड्यांचा, मराठी मुलखात शेजारी शेजारी चालत आले. शाळेने त्यांपैकी पहिला उचलला.

कापरेकर दुसऱ्या धाग्याचे होते. त्यांची पहिली लाडकी संख्या-मालिका अगदी साधी आहे : ११ गुणिले ११ म्हणजे १२१, १११ गुणिले १११ म्हणजे १२३२१, पुढे १२३४३२१. डोंगर चढून उतरल्यासारख्या दिसणाऱ्या या संख्यांना त्यांनी ‘डेम्लो’ हे नाव दिले. मुंबईपासून सुमारे तीस मैलांवर, त्या वेळच्या जी.आय.पी. रेल्वेवर, या नावाचे एक स्थानक होते आणि कल्पना तेथे सुचली म्हणून हे नाव. आगगाडीची वाट पाहणाऱ्या माणसाच्या डोक्यात असे काही चालू असते, हे आपल्यापैकी लोकलने प्रवास करणाऱ्यांनी मनावर घ्यायला हरकत नाही.

मग संख्यांना नावे देण्याचा सपाटाच त्यांनी लावला. अंकांच्या बेरजेने जिला निःशेष भाग जातो ती ‘हर्षद’, म्हणजे हर्ष देणारी. रामानुजन यांच्यामुळे प्रसिद्ध झालेली १७२९ ही संख्या घ्या : अंकांची बेरीज १९, आणि १९ गुणिले ९१ बरोबर १७२९. ६१७४ सुद्धा हर्षद आहे : बेरीज १८, भागाकार ३४३, म्हणजे सातचा घन. ज्या संख्येच्या वर्गाचे दोन तुकडे करून बेरीज केली की मूळ संख्या परत मिळते, तिला आज जगभर ‘कापरेकर संख्या’ म्हणतात. २९७ चा वर्ग ८८२०९. ८८ अधिक २०९ बरोबर २९७. २०२५ च्या १ जानेवारीला अनेकांच्या मोबाइलवर एक शुभेच्छा फिरत होती : २० अधिक २५ बरोबर ४५, आणि ४५ चा वर्ग २०२५. मला ती चार ठिकाणांहून आली. एकाही ठिकाणी कापरेकरांचे नाव नव्हते.

पण या गंमतीचे मूळही कापरेकरांचे नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. इंग्रज कोडेकार हेन्री ड्यूडनी यांच्या १९१७ सालच्या संग्रहात ३०२५ असे लिहिलेली एक चिठ्ठी मधोमध फाटते. ३० अधिक २५ बरोबर ५५, आणि ५५ चा वर्ग ३०२५. वाचकाने अशी दुसरी संख्या शोधायची, जिचे चारही अंक वेगळे असतील. उत्तर ९८०१ : ९८ अधिक ०१ बरोबर ९९, आणि ९९ चा वर्ग ९८०१. ड्यूडनींसाठी ते एक कोडे होते. सुटले की संपले. कापरेकर तेथे थांबले नाहीत. अशा आणखी संख्या किती, पाच अंकी कोणत्या, सहा अंकी कोणत्या, त्या सापडवण्याची काही रीत आहे का, असे ते विचारत गेले. कोडे आणि गणित यांत जो काही फरक आहे तो मला नेमका येथे दिसतो.

आता ९८०१ या संख्येपाशी जरा रेंगाळू, कारण तिच्यावरून एक मोठा वाद उभा राहतो. रामानुजन यांना जगापुढे आणणारे केंब्रिजचे जी. एच. हार्डी यांनी १९४० साली गणितज्ञाच्या आयुष्याविषयी एक छोटे पुस्तक लिहिले. त्यात खऱ्या, ‘गंभीर’ गणिताहून निराळ्या गोष्टीचे उदाहरण म्हणून त्यांनी नेमकी हीच संख्या घेतली. आपल्या उलट्या रूपाच्या पटीत असणाऱ्या चार अंकी संख्या दोनच : ८७१२, म्हणजे २१७८ ची चौपट, आणि ९८०१, म्हणजे १०८९ ची नऊपट. हार्डींचे म्हणणे थोडक्यात असे की हे चमत्कारिक आहे, कोड्यांच्या सदरात शोभेल, पण गणितज्ञाला यात काही मिळत नाही. कारण यातून पुढे कोणतीच मोठी कल्पना निघत नाही.

या निकालानंतर नऊ वर्षांनी कापरेकर ६१७४ घेऊन मद्रासला गेले. हार्डींचे पुस्तक त्यांनी वाचले होते की नाही, हा प्रश्न गौण आहे. त्या पुस्तकातील मत तेव्हाच्या विद्यापीठीय गणितज्ञांच्या हाडीमाशी मुरलेले होते. अंकांचे गुणधर्म हे संख्येचे गुणधर्म नव्हेत. आपण दहा बोटांमुळे दहाच्या पायात लिहितो. आठच्या पायात लिहू लागलो तर ६१७४ ची जादू नाहीशी होईल. आक्षेप बिनतोड आहे. भारतातील बहुतेक गणितज्ञांनी कापरेकरांकडे दुर्लक्ष केले, काहींनी टिंगल केली. त्यांच्या पुस्तिका त्यांनी बहुधा स्वतःच छापल्या. लेख जेथे स्वीकारले गेले ते न्यूयॉर्कचे ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ हे नियतकालिक. गणिताचा इतिहास आणि गणिताची करमणूक यांनाही त्याच्या पानांत मानाची जागा होती. कापरेकरांनी १९४९ मध्ये तेथे हा खेळ प्रसिद्ध केला तो एकट्याने खेळायचा खेळ म्हणून, आणि १९५५ मध्ये ६१७४ या संख्येवर स्वतंत्र टिपण लिहिले.

मी भौतिकशास्त्रात पीएच.डी. केली आहे, त्यामुळे हार्डींच्या न्यायालयात माझी साक्ष तशी ग्राह्य धरली जाणार नाही. तरीही देते. मला हार्डी बरोबर वाटतात आणि तरी त्यांचा निकाल शाळेला लागू होतो असे वाटत नाही. संशोधकाने आपली वर्षे कशावर खर्च करावीत, हा त्यांचा प्रश्न होता. अकरा वर्षांच्या मुलापुढे काय ठेवावे, हा त्यांचा प्रश्न नव्हताच. त्या मुलाच्या हाती समीकरणे नाहीत, भूमितीची सिद्धता नाही, कलन तर फार दूर. एकक, दशक, शतक आणि वजाबाकी एवढीच त्याची मालमत्ता. दहाच्या पायातील लेखन हा गणितज्ञाच्या लेखी योगायोग असेल. सहावीतील मुलाच्या लेखी तेच त्याचे सगळे गणिती जग असते. त्या जगात राहून त्याला स्वतः प्रश्न विचारता यावा, स्वतः तपासता यावे, स्वतः चुकता यावे, आणि ‘नेहमीच असे होते का?’ या प्रश्नापर्यंत पोहोचता यावे, एवढी जागा कापरेकरांच्या वजाबाकीत आहे.

याची प्रचिती मला त्या शनिवारीच आली. कार्यपत्रिका बाजूला ठेवून आम्ही जन्मवर्षे घेतली. त्या मुलीचे २०१३. ३२१० वजा ०१२३ बरोबर ३०८७. ८७३० वजा ०३७८ बरोबर ८३५२. ८५३२ वजा २३५८ बरोबर ६१७४. तीन पायऱ्या. मग मी कापरेकरांचे जन्मवर्ष दिले, १९०५. उत्तरे येत गेली : ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, ६१७४. सात पायऱ्या. शोध जाहीर झाला ते १९४९ घेतले, त्यालाही सात. सातपेक्षा जास्त पायऱ्या कोणत्याच संख्येला लागत नाहीत. मुलांनी यात काहीतरी दैवी संकेत शोधायला सुरुवात केली, तेव्हा सांगावे लागले की आरंभाच्या ९,९९० संख्यांपैकी २,१८४ संख्यांना सातच पायऱ्या लागतात. पाचांत एक म्हटले तरी चालेल.

तेवढ्यात एका मुलाने जाहीर केले की कापरेकर चुकले आहेत. त्याने १११२ घेतली होती. २१११ वजा १११२ बरोबर ९९९. ९९९ वजा ९९९ बरोबर शून्य. खेळ खलास!

मला तो क्षण फार आवडला. आधी सगळ्यांनी त्याची वजाबाकी तपासली. ती बरोबर होती. मग ती मल्याळी मुलगी म्हणाली, ‘आंटी, पण आपण चार अंकांचा खेळ खेळतोय ना? यात तीनच आहेत.’ ९९९ हे चार घरांत लिहायचे तर ०९९९. मग ९९९० वजा ०९९९ बरोबर ८९९१, नंतर ८०८२, ८५३२, आणि ६१७४. डावीकडच्या शून्याला किंमत नसते, असे आपण पहिलीपासून सांगत आलो. येथे त्याच शून्याने खेळ वाचवला. स्थानिक किमतीवर मी तासभर व्याख्यान दिले असते तरी हे साधले नसते. रिकाम्या जागेत ६१७४ लिहून एक गुण मिळवणाऱ्या वर्गात हा मुलगा चुकलाच नसता, आणि हे शून्यही कुणाला दिसले नसते.

पुन्हा इतिहासाकडे. कापरेकर १९६२ मध्ये निवृत्त झाले. १९६३ मध्ये त्यांनी ‘सेल्फ नंबर्स’वरील पुस्तिका काढली. कल्पना अशी : २१ मध्ये तिच्याच अंकांची बेरीज ३ मिळवली की २४ मिळते, म्हणून २१ ही २४ ची जनक. १०१ ला दोन जनक आहेत, ९१ आणि १००. पण २० ला जनकच नाही. ३१, ४२, ५३ यांनाही नाही. आईबापांवाचून जन्मलेल्या या संख्यांना आपल्याकडे स्वयंभूच म्हटले जाईल. देवळालीचे नावही त्यांना दिले गेले.

मार्टिन गार्डनर यांचे ‘मॅथेमॅटिकल गेम्स’ हे सदर ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये १९५७ पासून चालू होते आणि जगभरचे गणितज्ञ, प्रोग्रॅमर, शाळाशिक्षक आणि हौशी लोक ते वाचत. मार्च १९७५ च्या अंकात गार्डनरांनी कापरेकर आणि त्यांच्या या संख्यांविषयी लिहिले. तोवर ते सत्तर वर्षांचे झाले होते. एका लेखाने काय घडते ते पाहा : ज्या माणसाच्या पुस्तिका स्वतःच्याच पैशांनी छापल्या जात, त्याचे नाव पुढे संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या पहिल्या स्वाध्यायांत आले. आजही प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्याला हर्षद संख्या किंवा कापरेकर संख्या शोधायला सांगतात. हर्षद संख्यांवर तर खरोखरची प्रमेये सिद्ध झाली : कूपर आणि केनेडी यांनी १९९३ मध्ये दाखवले की लागोपाठ वीस हर्षद संख्या असू शकतात, एकवीस कधीच नाहीत. हार्डींना हे पटले असते का, कोण जाणे. १९८६ साली कापरेकर गेले.

त्याच काळात भारतात गणिताच्या जादा शिक्षणाची एक दुसरी, अधिक प्रतिष्ठित वाट तयार होत होती. श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ मध्ये पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान स्थापन केले. १९८९ पासून भारतीय संघ आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाडला जाऊ लागला, १९९६ ची स्पर्धा मुंबईत भरली, आणि मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात निवडक मुलांची शिबिरे होऊ लागली. या वाटेने देशाला उत्तम गणितज्ञ दिले, त्याविषयी दुमत नाही. पण त्याचा एक परिणाम असा झाला की ‘जादा गणित’ म्हणजे निवडक मुलांसाठी अवघड प्रश्न, हे समीकरण पालकांच्या मनात पक्के बसले. मयूर विहारात विजेच्या खांबांवर ऑलिम्पियाडच्या क्लासांच्या जाहिराती लटकतात, तिसरीपासूनच्या मुलांसाठी. कापरेकरांच्या वजाबाकीची जाहिरात कोण करणार? तिला फी लावता येत नाही.

राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ च्या निमित्ताने आर. रामानुजम यांच्या अध्यक्षतेखालील गटाने गणित शिक्षणावर टिपण लिहिले. शाळेतील गणिताविषयीची भीती हा त्यातील मध्यवर्ती प्रश्न होता आणि मुलांच्या विचारालाच गणिती वळण लागावे, हे उद्दिष्ट. मराठीत मंगला नारळीकरांनी ‘गणितगप्पा’सारख्या लेखनातून नेमके हेच आयुष्यभर केले; २०२३ मध्ये त्या गेल्या, पण त्यांच्या त्या शीर्षकातील ‘गप्पा’ हा शब्द मी आमच्या शनिवारसाठी उसना घेतला आहे. ‘गणित प्रकाश’मध्ये कापरेकर आले ते या वळणावरून. पुस्तकाने तर पुढचा प्रश्नही दिला आहे : हेच तीन अंकांवर करून पाहा.

तो प्रश्न कार्यपत्रिकेत आला नव्हता. आम्ही तो घेतला. तीन अंकांत मोठी संख्या उतरत्या क्रमात, लहान चढत्या क्रमात. मधला अंक दोन्हींत मधेच राहतो आणि वजाबाकीत गळून पडतो. उरतो तो पहिल्या आणि शेवटच्या अंकांतील फरक, नव्व्याण्णवने गुणलेला. म्हणजे पहिल्या पायरीनंतर उत्तरे नऊच शक्य : ०९९, १९८, २९७, ३९६, ४९५, ५९४, ६९३, ७९२, ८९१. नऊही तपासली की काम संपले : ०९९ वरून ८९१, मग ७९२, ६९३, ५९४ आणि ४९५. ४९५ वर सगळे थांबतात. कार्यपत्रिकेवाल्या मुलीने नववी ओळ पूर्ण केली आणि विचारले, ‘मग आता एकही संख्या सुटली नाही ना?’ मी म्हटले, नाही. ती काही बोलली नाही. आपल्या नऊ ओळींकडे पाहत राहिली. तिने आयुष्यातील पहिली सिद्धता लिहिली होती. हे मी तिला सांगितले नाही. मोठ्या शब्दांनी मुले बिचकतात.

चार अंकांतही हेच, फक्त दोन फरक लागतात : पहिल्या-चौथ्या अंकांतील फरकाचे ९९९ पट आणि मधल्या दोघांतील फरकाचे ९० पट. पहिला फरक १ ते ९, दुसरा शून्यापासून पहिल्याइतका. मोजून पाहा, ५४ जोड्या होतात. म्हणजे ९,९९० संख्या एका पायरीत ५४ संख्यांत गोळा होतात. भौतिकशास्त्रात आम्ही अशा व्यवस्थांचा अभ्यास करतो, ज्यांत सुरुवात कोठूनही करा, शेवट ठरावीक जागीच होतो. त्यासाठी संगणक आणि लांबलचक समीकरणे लागतात. येथे चार्ट पेपरवर चौपन्न घरे आखून भागते. ती घरे आम्ही दोन शनिवारांत भरली आणि बाणांनी जोडली. सगळे बाण फिरत फिरत ६१७४ कडे जातात. तेथेच का, या प्रश्नाला ‘सगळी तपासली म्हणून’ यापलीकडचे सुंदर उत्तर मलाही देता येत नाही.

दोन अंकांत स्थिर संख्या मिळतच नाही : ०९ वरून ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ०९, असे चक्र फिरत राहते. हे मुलांनी रिक्षातून शाळेत जाता-येता शोधले. आता पाच अंक चालू आहेत. तेथेही मधला अंक गळतो, तेथेही जोड्या ५४ च. मुलांना पहिले चक्र मिळाले ते दोनच संख्यांचे : ५३९५५ वरून ५९९९४ आणि परत. ‘कापरेकर चुकले’ म्हणणारा मुलगा आता एका चार संख्यांच्या चक्राचा मालक आहे : ६१९७४, ८२९६२, ७५९३३, ६३९५४. चार्टच्या कोपऱ्यात त्याने स्वतःचे नाव लिहिले आहे. पाच अंकांत एकूण तीन चक्रे आहेत. तिसरे अजून कुणाला सापडलेले नाही आणि मी ते सांगितलेले नाही.